गोळी सोसली नाही, हे डॉक्टरांना कळणार कसं?

प्रश्न: मी खानापूर तालुक्यातल्या एका गावात राहते, वय 36. मिस्टर बेळगावात उद्यमबागेत फौंड्रीत कामाला आहेत, दोन मुलं शाळेत. पाच महिने झाले, रात्री तीनला जाग येते ती येतेच. जेवण जात नाही, कशात मन लागत नाही, कारण नसताना रडू येतं. छातीत धडधडतं म्हणून ईसीजी काढला, तो नॉर्मल आला. मग बेळगावात मनाच्या डॉक्टरांकडे गेलो. बोलणं सगळं मिस्टरांनीच केलं, मी नुसती मान हलवली. चार मिनिटांत चिठ्ठी हातात. गोळी सुरू केल्यावर मळमळ आणि दिवसभर गुंगी, भाकरी थापताना डोळे मिटायचे. बाराव्या दिवशी बंद केली. आता परत जायची लाज वाटते, रागावतील. गावातले डॉक्टर झोपेची गोळी देतात, दोन महिने तीच चालू आहे. झोप येते, बाकी सगळं तसंच. नणंद म्हणते, या गोळ्यांची सवय लागते. कधी कधी वाटतं, झोपले ती उठूच नये. डॉक्टरांशी बोलू कशी? की दुसरे डॉक्टर बघू? दोन्ही गोळ्यांच्या पट्ट्यांचे फोटो सोबत पाठवतेय.

उत्तर: ताई, ‘झोपले ती उठूच नये’ हे तुम्ही पत्राच्या शेवटी, जाता जाता लिहिलंय. डॉक्टरांसमोर ते सगळ्यात आधी सांगायचं. हे कानावर पडलं की डॉक्टर थांबतात, नीट विचारतात, पुढची तारीख लवकरची देतात आणि गोळ्या एका वेळी थोड्याच दिवसांच्या लिहून देतात. असं बोललं तर पोलीस केस होते ही भीती खेड्यापाड्यांत अजून आहे. ती काढून टाका. नुसता विचार मनात येणं हा गुन्हा कधीच नव्हता. 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्याने तर ज्याने जीव द्यायचा प्रयत्न केला तोही मोठ्या ताणाखाली होता असं धरून त्याला उपचार देण्याची जबाबदारी सरकारवर टाकली आहे.

हा विचार वाढला, ‘कसं करायचं’ याचा हिशेब मनात सुरू झाला, तर अपॉइंटमेंटची वाट बघायची नाही. घरातल्या एकाला तरी सांगायचं आणि त्याच दिवशी बेळगावच्या सिव्हिल हॉस्पिटलची, म्हणजे बिम्सची कॅज्युअल्टी गाठायची. टेली-मानस या मनाच्या त्रासासाठीच्या सरकारी फोनसेवेचा नंबर 14416. फोन फुकट आहे, रात्रंदिवस चालू असतो, भाषा निवडता येते आणि त्यात मराठी आहे. अगदीच तातडी असेल तर 112. आणखी एक काम आजच करा: फवारणीची औषधं, उंदराचं औषध आणि घरातल्या जास्तीच्या गोळ्या कुलपात घाला, किल्ली मिस्टरांकडे द्या. मरणाच्या विचाराचा असा झटका पुष्कळदा थोड्या वेळाचा असतो, आणि त्या वेळात हाताशी काय आहे यावर फार काही अवलंबून असतं.

आता गोळी. फोटोतली बेळगावच्या डॉक्टरांची गोळी एकच दिसते, पण तिच्यात औषधं दोन आहेत: एस्सिटालोप्रॅम 10 मिलिग्रॅम आणि क्लोनाझेपॅम 0.5 मिलिग्रॅम. पहिलं उदासीवरचं आणि धास्तीवरचं मूळ औषध. दुसरं गुंगीचं, सुरुवातीचे दिवस निभावून न्यायला जोडीला दिलेलं. मळमळ बहुधा पहिल्याने झाली. ती सुरुवातीला पुष्कळांना होते आणि एक-दोन आठवड्यांत ओसरते. दिवसभरची गुंगी बहुधा दुसऱ्याची. एस्सिटालोप्रॅमचा गुण दिसायला दोन ते चार आठवडे लागतात, पुरता गुण कळायला योग्य मात्रेवर सहा ते आठ आठवडे. तुम्ही बाराव्या दिवशी थांबलात, म्हणजे त्रास सगळा भोगून झाला आणि गुण यायच्या आत औषध सुटलं. हे पुष्कळांचं असंच होतं, कारण ‘पहिले दहा-पंधरा दिवस असं होईल’ हे वाक्य चार मिनिटांच्या तपासणीत राहून जातं. ते सांगायला हवं होतं. पण तुम्ही परत गेला नाहीत म्हणून डॉक्टरांच्या लेखी तुमची तक्रारच नाही. एक तर बरं वाटलं असेल, नाही तर दुसरीकडे गेल्या असाल, एवढंच ते धरून चालणार.

म्हणून परत जा, आणि शक्यतो त्याच डॉक्टरांकडे. गोळी मध्येच सोडलेले पेशंट ते रोज बघतात. बसल्या बसल्या एवढं बोला: ‘डॉक्टर, तुम्ही दिलेली गोळी मी बाराव्या दिवशी बंद केली. मळमळ आणि गुंगी सोसवेना. आता गावात झोपेची गोळी, अल्प्राझोलाम 0.5, रोज रात्री चालू आहे, दोन महिने झाले. मला उपचार हवेत, पण तीच गोळी तशीच नको. काय बदलता येईल?’ यात माफी नाही आणि भांडणही नाही. डॉक्टरांकडे बदलायला पुष्कळ काही असतं. एस्सिटालोप्रॅम एकटंच देता येतं, 5 मिलिग्रॅमवर सुरू करून आठवड्याने 10 वर नेता येतं, जेवणानंतर घ्यायला सांगता येतं. गुंगी येत असेल तर वेळ रात्रीची, झोप उडत असेल तर सकाळची. तेही सोसलं नाही तर त्याच जातीचं सर्ट्रालीन आहे. झोप आणि भूक दोन्ही गेलेल्या माणसाला कधी मिर्टाझापीन देतात. त्याने झोप येते, भूक लागते, मात्र वजन वाढतं. निवड डॉक्टरांची. तुम्ही ‘क्लोनाझेपॅम वगळून देता येईल का?’ एवढं नक्की विचारू शकता. जोडगोळीचे घरी आपल्या मनाने दोन तुकडे करून अर्धी घेऊ नका. त्यात दोन्ही औषधं अर्धी होतात आणि डॉक्टरांचा हिशेब चुकतो.

गावात चालू असलेली अल्प्राझोलाम सांगायला लाजू नका, कारण खरा धोका तिथे आहे. अल्प्राझोलाम आणि क्लोनाझेपॅम एकाच जातीची औषधं. बेळगावच्या डॉक्टरांना पहिलीचा पत्ता नसेल आणि त्यांनी जोडगोळी पुन्हा लिहिली, तर गुंगी दुप्पट होईल. दुसरी बाजू अशी की, अल्प्राझोलाम उद्यापासून एकदम बंदही करायची नाही. दोन महिने रोज घेतल्यावर शरीर तिच्यावर विसंबतं; एकदम थांबवलं तर झोप पूर्वीपेक्षा बिघडते, हात कापतात, घाबरं होतं, क्वचित फिटही येते. ती हळूहळू उतरवतात, साधारण दर दोन आठवड्यांनी थोडी थोडी, आणि हे वेळापत्रक डॉक्टरांकडून कागदावर लिहून घ्यायचं. तोवर मात्रा वाढवू नका, दारूशी गाठ घालू नका, गुंगीत गाडी चालवू नका. नणंद या गोळीबद्दल बोलत असेल तर तिचं खरं आहे. एस्सिटालोप्रॅमला ते लागू नाही; तिची तलफ येत नाही, मात्रा वाढवत न्यावी लागत नाही. एकदम सोडली तर काही दिवस चक्कर, चिडचिड, डोक्यात वीज चमकल्यासारखं होतं, म्हणून तीही उतरवतच थांबवायची.

आता बोलायचं कसं. नुसतं तोंडी नको, कागदावर. वहीचं अर्धं पान पुरे. तुमच्या पत्रातलं घेऊन आणि राहिलेलं नमुन्यादाखल भरून लिहायचं तर असं होईल:

‘पाच महिने. रात्री साडेदहाला झोपते, तीनला जाग, परत झोप नाही. एक वेळचं जेवण टाकते, ब्लाउज सैल झाले. रोपं लावायला शेतात गेले नाही, मुलांचा अभ्यास घेत नाही. रोज रडू येतं. छातीत धडधड, ईसीजी नॉर्मल. कधी वाटतं उठूच नये. आधीची गोळी 12 दिवस घेतली: मळमळ, गुंगी. आता अल्प्राझोलाम 0.5 रात्री. कंबरेसाठी कधी कधी दुखण्याची गोळी.’

यात ‘टेन्शन’ हा शब्द नाही, हे बघा. ‘टेन्शन आहे’ म्हटलं की समोरचाही ‘टेन्शन घेऊ नका’ म्हणून मोकळा होतो. आपल्याकडे मनाचं दुखणं अंगावरच सांगायची रीत आहे: डोकं जड, अंगात कसकस, हातापायाला मुंग्या, छातीत धडधड. ते खोटं नसतं, पण तेवढंच सांगितलं की ईसीजी निघतो, ताकदीचं इंजेक्शन मिळतं आणि गाडी तिथेच थांबते. अंगाचं सांगा आणि त्याला लागूनच मनाचंही सांगा. शिवाय काय करता येत नाही ते सांगा. ‘बरं वाटत नाही’ यावरून डॉक्टरांना काही मोजता येत नाही. ‘दोन महिने मुलांचा अभ्यास घेतला नाही’ यावरून येतं. पुढच्या वेळी त्यातलं काय सुरू झालं यावरूनच गोळीचा गुण ठरतो.

कागदाच्या मागच्या बाजूला आणखी तीन-चार गोष्टी लिहा. पाळीची शेवटची तारीख, आणि मूल व्हायला हवंय का, अंगावर पाजताय का, दिवस राहू नयेत म्हणून काय वापरता. यावर औषधाची निवड बदलते. पूर्वी कधी असा आठवडा गेलाय का, की तीन-चार तास झोपूनही दमल्यासारखं वाटलं नाही, बोलणं थांबेना, पैसे उधळले? स्वतःचं नसेल तर आई-वडील, भावंडं यांच्यात कुणाचं? हे फार महत्त्वाचं आहे. तसा इतिहास असताना नुसती उदासीची गोळी दिली तर माणूस उलट्या टोकाला, उन्मादाकडे जाऊ शकतो. आणि बाहेरची सगळी औषधं: काढा, देवऋषीने दिलेली पूड, बीपीची गोळी, कंबरेचं इंजेक्शन. डायक्लोफिनॅक, आयब्युप्रोफेनसारख्या दुखण्याच्या गोळ्या एस्सिटालोप्रॅमबरोबर वारंवार घेतल्या तर पोटात रक्तस्राव व्हायचा धोका वाढतो. ट्रामाडोल ही दुखण्यावरचीच जास्त कडक गोळी तर सांगितल्याशिवाय घेऊच नये. सासूबाई देवाला न्यायचं म्हणत असतील तर खुशाल जा. पूड-काढा मात्र डॉक्टरांना दाखवल्याशिवाय पोटात जाऊ नये.

गोळ्यांच्या पट्ट्या सोबत न्या. इथे एक बारीक अडचण येते. दहाची पट्टी असते आणि आपण पाच मागतो. मेडिकलवाला कात्रीने कापून देतो, आणि नाव-तारीख नेमकी त्याच्याकडच्या तुकड्यावर राहते. कापण्याआधी पट्टीचा मागचा भाग मोबाइलवर टिपून घ्या, किंवा नाव असलेला तुकडाच मागा. ‘ती पांढरी, छोटी, गोल गोळी’ यावरून कुठलाही डॉक्टर औषध ओळखू शकत नाही.

मिस्टर बोलले, तुम्ही मान हलवली. त्यांनी वाईट हेतूने केलं नसणार. पण तीनला जाग त्यांना येत नाही, तुम्हाला येते. आत जाण्याआधीच ठरवा: आधी मी कागद वाचून दाखवते, राहिलेलं तुम्ही सांगा. त्यांच्याकडे सांगण्यासारखं असतंच. तुम्ही किती गप्प झालात, किती जेवता, हे बाहेरच्या डोळ्याला जास्त दिसतं. आणि ज्या गोष्टी त्यांच्यासमोर निघणार नाहीत त्यासाठी सरळ म्हणा, ‘डॉक्टर, दोन मिनिटं एकटीने बोलायचंय.’ हे ऐकायची डॉक्टरांना सवय असते. तुमची माहिती गुप्त ठेवणं कायद्यानेही त्यांच्यावर बंधनकारक आहे. औषध सुरू झाल्यावर नवरा-बायकोच्या संबंधातली इच्छा कमी होणं, हेही याच दोन मिनिटांत सांगायचं. या गोळ्यांनी तसं पुष्कळांना होतं, बायका सांगत नाहीत, डॉक्टर विचारत नाहीत, आणि मग एक दिवस गोळी गुपचूप बंद होते. मात्रा किंवा औषध बदलून यावर मार्ग निघतो.

चिठ्ठी हातात आली की लगेच उठू नका. ‘गोळी नीट घ्यायची आहे म्हणून विचारते’ अशी सुरुवात करा. त्याने प्रश्न उलटतपासणीसारखे वाटत नाहीत. माझ्या आजाराला काय म्हणतात? यातली कुठली गोळी कशासाठी? गुण कधी दिसेल? पहिल्या पंधरा दिवसांत काय त्रास होईल, आणि त्यातलं काय झालं तर लगेच कळवायचं? किती महिने घ्यायची? शेवटच्या प्रश्नाचं उत्तर बहुधा असं मिळेल: पहिल्यांदाच झालं असेल तर बरं वाटायला लागल्यानंतर निदान सहा ते नऊ महिने. बरं वाटलं म्हणून तिसऱ्याच महिन्यात सोडलं की आजार उलटायची शक्यता वाढते. गोळी विसरली तर त्याच दिवशी आठवेल तेव्हा घ्यायची, दुसऱ्या दिवशी दोन घ्यायच्या नाहीत. पुढची तारीख कुठली आणि मध्ये अडचण आली तर फोन कुणाला, हे चिठ्ठीवरच लिहून घ्या. आणि वाट न बघता कळवायच्या गोष्टी या: अंगावर पुरळ, एका जागी बसवेना इतकी तगमग, मरणाचे विचार वाढणं, किंवा एकाएकी अति उत्साह आणि झोपेची गरजच न वाटणं.

रक्ताची तपासणी झाली नसेल तर तीही मागा. थायरॉइड कमी पडलं, रक्त कमी असलं, बी-12 कमी असलं तरी असाच थकवा आणि उदासी येते. टीएसएच (थायरॉइडची तपासणी), हिमोग्लोबिन आणि बी-12 एवढ्याने सुरुवातीचं काम भागतं. पाळीत रक्त जास्त जात असेल तर ते आवर्जून सांगा.

भाषेचं म्हणाल तर बेळगावात मराठी बोलणारे डॉक्टर मिळतात, अडचण येते ती सरकारी काउंटरवर आणि धारवाडच्या मनाच्या आजारांच्या सरकारी दवाखान्यात. ‘ननगे कन्नड अष्टु बरोदिल्ल, स्वल्प निधान हेळ्री’ (मला कन्नड फारसं येत नाही, जरा सावकाश सांगा) एवढं म्हटलं तरी समोरचा हळू बोलायला लागतो, कुणा मराठी येणाऱ्या सिस्टरला हाक मारतो. आजार काय, उपचार काय, त्रास काय होतील, हे पेशंटला समजेल अशा भाषेत कळण्याचा हक्क त्याच 2017 च्या कायद्याने दिलाय. पण ओपीडीत कायदा तोंडावर फेकू नका. रांग मोठी असते आणि बोलणं तिथेच तुटतं. तो हक्क उपयोगी पडतो कागद मिळवायला. चिठ्ठ्या, रिपोर्ट, डिस्चार्ज कार्ड हे तुमच्या उपचारांचे कागद आहेत, त्यांच्या प्रती मागता येतात. सगळे एका फाइलमध्ये तारखेने लावा.

दुसरे डॉक्टर कधी बघायचे? आमचं मत असं: हा कागद घेऊन तुम्ही दोनदा गेलात, तरी कुणी वर बघितलं नाही, प्रश्नाला ‘तुम्हाला काय करायचंय’ असं उत्तर आलं, तर खुशाल बदला. योग्य मात्रेवर आठ आठवडे होऊन फरक नाही आणि तरी चिठ्ठी तीच, तर तेव्हाही. पण पहिल्या गोळीने मळमळलं म्हणून बदललंत, तर दुसरे डॉक्टरही पहिल्या पायरीपासूनच सुरू करणार, आणि पहिले दोन आठवडे पुन्हा तेच.

जायचं कुठे? जवळच्या जवळ खानापूरचा तालुका दवाखाना. कर्नाटकात मनोचैतन्य कार्यक्रमाखाली तालुका रुग्णालयांत मंगळवारी मानसोपचारतज्ज्ञांची ओपीडी असते. तुमच्याकडे कुठल्या मंगळवारी येतात ते आधी विचारून मगच निघा. बेळगावात बिम्स आणि केएलईचं हॉस्पिटल, दोन्हीकडे मानसोपचार विभाग आहे. त्यापुढे धारवाडची डिमहान्स, म्हणजे मनाच्या आजारांची सरकारी संस्था. धारवाडचं नाव काढलं की लोकांच्या भुवया वर जातात, पण तिथे बाहेरून दाखवून संध्याकाळी घरी येणारे पेशंट रोज असतात. तुमच्या आजाराला बेंगळुरूपर्यंत जायची गरज नाही. मिस्टरांचं ईएसआय (कामगार विमा) कापलं जात असेल तर त्यात पत्नीही येते. त्यांच्या दवाखान्यातून पुढे पाठवायची चिठ्ठी मिळते का ते बघा.

आपल्या भागातली बरीच माणसं मराठी डॉक्टर हवा म्हणून कोल्हापूर-मिरज गाठतात. त्यात गैर काही नाही, पण दोन गोष्टी ध्यानात घ्या. जून 2023 पासून कर्नाटकातल्या बायकांना राज्याच्या साध्या बसने राज्यातल्या राज्यात प्रवास मोफत आहे. खानापूर-बेळगाव किंवा धारवाड फुकट, कोल्हापूरचं तिकीट मात्र काढावं लागतं. एकदा जायला ते जड नाही, पण पहिल्या तीन महिन्यांत चार-पाच खेपा होतात, आणि खेप चुकली की गोळी संपते. दुसरं म्हणजे कोल्हापूरचे एक, गावचे एक, अशा दोन चिठ्ठ्या एकमेकींना न भेटता चालू राहतात. मनाच्या गोळ्या एकाच डॉक्टरांनी लिहायच्या. बाकीच्यांना ती चिठ्ठी दाखवायची.

समुपदेशनाचंही विचारा. सौम्य ते मध्यम उदासीत बोलण्याचे उपचार गोळीइतकेच उपयोगी ठरतात, आणि जिथे गोळी लागते तिथे दोन्ही मिळून जास्त. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट गोळ्या लिहीत नाहीत, ते दर आठवड्याला तासभर बसवतात, घरी करायला काही देतात. फक्त ‘मन रमवा, सकारात्मक राहा’ एवढंच सांगून कुणी पैसे घेत असेल तर ते समुपदेशन नव्हे.

या आठवड्यात अर्धं पान लिहा, अल्प्राझोलामच्या किती गोळ्या उरल्यात ते मोजा आणि त्या संपायच्या आतली तारीख घ्या. तारीख लांबची मिळाली तर काउंटरवर सांगा, ‘झोपेची गोळी संपतेय, एकदम बंद करायची नाही म्हणून सांगितलंय.’ तरीही जमलं नाही तर गावच्या डॉक्टरांकडून त्याच मात्रेत तेवढ्या दिवसांपुरती लिहून घ्या आणि त्या चिठ्ठीचाही फोटो काढून फाइलला लावा.